माळ ते ओढा

सोलापूर जिल्ह्यात जंगल पाहायला निघालेल्या माणसाला जेऊरच्या स्टेशनवर उतरायचे काही कारण नाही. करमाळ्याला जायचे असेल, कंदरकडच्या केळीच्या बागा पाहायच्या असतील, हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी बघायचे असतील, तर गोष्ट वेगळी. जंगल म्हटले की आपल्याला कोयना आठवते, आंबोली आठवते, फार तर मेळघाट. वर उंच झाडांचे छत, त्याखाली मध्यम झाडे, मग झुडपे, तळाला पाचोळा आणि त्यातून डोकावणारी नेची, असे शाळेच्या पुस्तकातले मजले डोळ्यांसमोर येतात. जेऊरच्या माळावर उभे राहिले तर गुडघ्याएवढे गवत, मध्येच एखादी बोराटी, लांब कुठे तरी एकटा हिवर. पाहुणा म्हणतो, इथे तर काहीच नाही. गावकरीही तेच म्हणतो, फक्त ‘पाऊसच नाही तर झाडं कुठनं येणार’ एवढी त्यात भर घालतो.

पुढची पाने या दोघांसाठी आहेत. माझे म्हणणे थोडक्यात असे, की जेऊरच्या शिवारात वनस्पतींचे सगळे थर आहेत. ते एकावर एक चढलेले नाहीत, उतारावर एकापुढे एक पसरलेले आहेत. कोयनेत एका जागी उभे राहून मान वर केली की थर मोजता येतात. इथे माळाच्या माथ्यावरून ओढ्यापर्यंत चालत जावे लागते. आणि या चालण्यात काळाचीही गती बदलत जाते. गवताची जागा झुडपाने घ्यायची, झुडपाची झाडाने, हा जो क्रम वनशास्त्रात शिकवतात तो ओढ्याकाठी एका माणसाच्या आयुष्यात पुरा होताना दिसतो, मधल्या उतारावर अर्ध्यात अडतो आणि माथ्यावर बहुधा सुरूच होत नाही. याचा जाब पावसाला विचारून उपयोग नाही. पाऊस तिन्ही ठिकाणी तोच पडतो. जाब विचारायचा तो जमिनीच्या चढउताराला.

करमाळा तालुका दोन नद्यांच्या मध्ये आहे. एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला सीना, आणि मधला उंचवटा दोघींना पाणी वाटून देणारा. जेऊर त्यातल्या भीमेकडच्या उतारावर. १८८४ साली छापलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये सोलापूरचा जो खंड आहे, त्यात जिल्ह्याच्या जमिनीचे वर्णन लांबच लांब, बेताच्या उंचीचे उंचवटे आणि त्यांच्यामधले खोलगट भाग असे केले आहे. उंचवट्यावरची उथळ माती चराईच्या कामाची, खोलगट भागातली खोल माती उत्तम पिकांची, असेही तिथे म्हटले आहे. साहेबाने सारा बसवण्यासाठी हे लिहिले असले तरी वनस्पतींच्या अभ्यासालाही याहून चांगली सुरुवात मिळायची नाही.

पावसाचा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, आणि तिथून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवरच्या या पट्ट्यात पाचशे-साडेपाचशेच्या आसपास. त्यातही जून-जुलै नुसती हूल देऊन जातात. सप्टेंबर हा इथला खरा पावसाचा महिना. गवताला एवढे पुरते. झाडाच्या रोपाला मात्र पहिल्या पावसात उगवून मधल्या उघडिपीत तगावे लागते, आणि पुढे फेब्रुवारी ते मे हे चार महिने काढावे लागतात. या चार महिन्यांत त्याच्या मुळाखाली काय आहे, यावर सगळे ठरते.

मुळाखाली काय आहे हे जेऊरकडच्या शेतकऱ्याला भूशास्त्रज्ञाइतकेच ठाऊक असते, कारण त्याने विहीर पाडलेली असते. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. दख्खनचे सगळे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून झाले आणि हे थर जवळजवळ आडवे राहिले. त्यातला एखादा थर सच्छिद्र, लवकर झिजणारा. त्याच्या खालचा वा वरचा घट्ट, भेगांशिवाय पाणी न सोडणारा. आडव्या थरांच्या प्रदेशात पावसाने कोरीवकाम केले की सपाट माथे, बेताचे उतार आणि मध्ये मध्ये अडखळणाऱ्या पायऱ्या तयार होतात. सह्याद्रीत या पायऱ्या कड्यांएवढ्या असतात. इथे त्या इतक्या ठेंगण्या, की चालताना पायाला कळतात, डोळ्याला कळत नाहीत. गवताला कळतात.

आता माथ्यापासून सुरुवात करू. माथ्यावर माती म्हणावी अशी चार बोटेच, तीही मुरमात मिसळलेली. पाऊस पडला की बरेचसे पाणी वाहून जाते, थोडे मुरमाच्या फटींतून खाली उतरते आणि पाषाणावर पोहोचले की आडवे सरकू लागते. माथ्यावर राहत काहीच नाही. इथे कुसळी राज्य करते. कुसळीचे बी जवळून पाहण्यासारखे आहे. टोकदार, मागे झुकलेल्या बारीक केसांचे, आणि त्याला जोडलेले लांब काळपट कुसळ, दोरीला पीळ द्यावा तसे पिळलेले. रात्री दव पडले की पीळ सुटतो, दिवसा ऊन चढले की पुन्हा बसतो. या उलटसुलट फिरण्यात बियाचे टोक मुरमाच्या फटीत शिरते, आणि मागे झुकलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. पावसाळा येण्याआधीच बी आपली पेरणी उरकून बसलेले असते. धनगराला विचाराल तर हेच कुसळ मेंढीच्या लोकरीतून कातडीत घुसते म्हणून तो त्याच्या नावाने बोटे मोडेल. त्याचा रागही रास्त आहे. पण चार बोटे मातीवर तगायचे तर अशीच हिकमत लागते. माथ्यावर पडलेली लिंबोळी हे करू शकत नाही. ती रुजते, दोन पानांवर येते आणि ऑक्टोबरच्या उन्हात वाळते.

थोडे खाली आले की उतार सुरू होतो. वरून वाहून आलेली माती इथे थोडी थांबते, कुठे वीतभर, कुठे हातभर. शेडा, पवन्या अशी उंच आणि बहुवर्षायू गवते इथली. त्यांच्यात तरवड, हेंकळ, बोराटी. इथली झाडे सरसकट वाढत नाहीत, रेषेत वाढतात, हे एकदा लक्षात आले की मग दिसतच राहते. उतारावर एखादा हिवर, त्याच्या डाव्या-उजव्या हाताला त्याच उंचीवर आणखी दोन. त्या रेषेखाली दोन लाव्हाथरांची सांधजोड असते. वरून मुरमात उतरलेले पाणी घट्ट थराला अडून तिथे पाझरते, आणि हिवराचे मूळ ती ओल गाठते. ज्याने विहिरीची जागा पाहणारा पाणाड्या कामावर असताना पाहिला आहे, त्याला हे नवे नाही. नारळ हातात घेण्याआधी त्याची नजर झाडांवरून फिरून आलेली असते.

उतार संपला की काळी. खोल माती, भरपूर ओल, म्हणजे इथे दाट झाडी हवी, असे कुणालाही वाटेल. तसे होत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, एप्रिलमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगा कोवळी मुळे तोडत जातात. पावसाळ्यात ती पाण्याने भरते तेव्हा मुळांना हवा मिळत नाही, आणि कोरडी होत आली की उरलेले पाणी असे धरून ठेवते की झाडाला ते ओढता येत नाही. हा मार खाऊन टिकणारी झाडे मोजकी. बाभूळ त्यातली पहिली, हिंगणबेट दुसरे. मारवेलीसारखी गवते मात्र इथे चैनीत असतात. आज काळी जवळजवळ सगळी नांगराखाली आहे म्हणून हे दिसत नाही. बांधावर उरलेल्या बाभळी तेवढ्या जुन्या क्रमाची साक्ष देतात. झाडाला खोल माती हवी, हा आपला समज घाटमाथ्यावरून आणलेला आहे. इथे भेगाळलेला मुरूम अनेकदा काळीपेक्षा झाडाला जास्त आधार देतो.

आणि मग ओढा. माथ्यावर पडलेले, मुरमातून सरकत आलेले पाणी अखेर इथे बाहेर येते. गाळ, वाळू, चुनखडीचे खडे यांचा भुसभुशीत काठ, वर्षातले कित्येक महिने खाली ओल. करंज, जांभूळ, उंबर, शिंदी, त्यांच्याखाली निर्गुडी, निर्गुडीवर गुळवेल, सावलीत ओलसर जागी लव्हाळा. पुस्तकातले मजले हवे असतील तर ते या पट्ट्यात मिळतील, रुंदी कुठे वीस पावले, कुठे पाच. ओढा जिथे वळतो तिथे तर काळही मांडून ठेवलेला असतो. वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी खाते. तिथला जुना करंज मुळे उघडी पडून कललेला. आतल्या काठाला गाळ साचतो. पाण्यालगतच्या ताज्या गाळावर नुसते गवत, दोन हात मागे निर्गुडीची पोरे, त्यामागे मनगटाएवढे करंज, त्यामागे मोठे. गाळ जितका जुना तितका झाडोरा चढत गेलेला. दहा-बारा पावलांत कित्येक वर्षांचा क्रम चालून होतो.

ओढ्याचे दोन काठही सारखे नसतात. जेऊर साधारण सव्वाअठरा अक्षांशावर आहे, म्हणजे वर्षाचा बराच काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला. उत्तरेकडे तोंड असलेल्या काठावर ओल जास्त दिवस टिकते, समोरचा काठ आधी वाळतो. हिमालयात हा फरक अख्ख्या डोंगरावर दिसतो. इथे तो पुरुषभर उंचीच्या दरडीवर दिसतो.

असा माथ्यापासून तळापर्यंतचा ठरावीक क्रम जगात अनेक ठिकाणी आहे. जेफ्री मिल्न या मृदाशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात पूर्व आफ्रिकेत तो नकाशांवर मांडला. एका टेकडीवर जो क्रम तोच पुढच्या टेकडीवर, हे पाहून त्याने त्याला साखळी म्हटले. मातीची साखळी मान्य झाली, पण तिच्यावरच्या झाडोऱ्याचा काळ कसा मोजायचा यावर वाद होताच. अमेरिकेतल्या फ्रेडरिक क्लेमेंट्सने १९१६ साली असे मांडले होते, की कोणत्याही प्रदेशात वनस्पतिसमाज पायरीपायरीने बदलत जातो आणि शेवटी तिथल्या हवामानाला साजेल अशा एकाच परिपक्व रूपाला पोहोचतो. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांना हे पटले नाही. माती, चढउतार, चराई यांपैकी कशानेही एखादी अवस्था कायमची टिकू शकते, असे त्यांचे म्हणणे. जेऊरचा उतार पाहिलेला माणूस टान्सलींच्या बाजूने मत देईल.

आपल्याकडच्या वनखात्यावर मात्र छाप पडली ती पहिल्या विचाराची. हॅरी चॅम्पियन यांनी १९३६ साली भारतातल्या वनप्रकारांची वर्गवारी केली. १९६८ मध्ये एस. के. सेठ यांच्यासोबत तिची सुधारित आवृत्ती आली आणि आजही सरकारी कामकाज तिच्यावर चालते. त्या वर्गवारीत कोरड्या प्रदेशातले गवताळ माळ ऱ्हासाच्या अवस्थेत टाकले आहेत. म्हणजे इथे कधी तरी जंगल होते, ते तोडले, चारले, जाळले, आणि उरले ते हे गवत. महसूल खात्याने त्याच जमिनीला पडीक म्हटलेच होते. दोन खात्यांचे एकमत व्हायचे प्रसंग कमी. माळ उजाड आहे, यावर ते चटकन झाले.

ऱ्हास मुळीच नाही, असा माझा दावा नाही. चराईने गवताचा कस जातो, हे डोळ्यांनी दिसते. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी देशभरातल्या कुरणांचा जो अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध केला, त्यात दख्खनच्या पठाराचा गवताळ प्रकार शेडा आणि मारवेल यांच्या प्रजातींवरून ओळखला आहे. चराई वाढली की ही गवते मागे हटून कुसळी येते, आणखी वाढली की चिंचोळ्या कुसळांची वर्षायू गवते. राखण केली की क्रम उलटा फिरतो. पण उलटा फिरून तो थांबतो कुठे, हे महत्त्वाचे. मधल्या उतारावर तो शेड्यापर्यंत आणि विखुरलेल्या हिवर-बोराटीपर्यंत जातो. माथ्यावर कुसळीच्याही फारसा पुढे जात नाही. राखलेल्या माळाचे जंगल होत नाही, चांगला माळ होतो.

मधल्या उतारावरचा अडलेला क्रम मला सगळ्यांत जास्त रमवतो. बोराटीचे झुडूप घ्या. कमरेएवढे, वाकड्या काट्यांचे, शेळीलाही तोंड घालताना विचार करायला लावणारे. त्याच्यावर साळुंकी बसते, बुलबुल बसतो, आणि कडुनिंबाच्या लिंबोळ्या खाऊन आलेले हे पक्षी बिया तिथेच टाकतात. आत सावली आहे, थोडा पाचोळा आहे, वाऱ्याने अडकवलेली माती आहे आणि जनावराचे तोंड पोहोचत नाही. त्यातून निंबाचे रोप वर येते. काही वर्षांनी ते बोराटीच्या डोक्यावरून पाहू लागते, आणखी काही वर्षांनी त्याच्या सावलीत बोराटी विरळ होऊ लागते. माळावर एकटा निंब दिसला तर त्याच्या बुंध्याशी वाकून पाहावे. मेलेल्या बोराटीचे खुंट अनेकदा सापडतात. मात्र हेच नाटक चार पावले वर, माती वीतभरावरून चार बोटांवर आली की, दुसऱ्या अंकात थांबते. निंब बोराटीच्या उंचीचाच राहतो, उन्हाळ्यात शेंड्याकडून वाळतो, पावसाळ्यात पुन्हा फुटतो. वयाने तो खालच्या निंबाएवढाच असेल. झाडाच्या उंचीवरून वय सांगायची सवय इथे सोडून द्यावी.

हे सगळे किती जुने? भीमेच्या खोऱ्यातच, घोड नदीकाठी, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे पंधराएक वर्षे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातल्या शेतकऱ्यांची ती वस्ती, आणि शेवटच्या टप्प्यात पाऊसमान घटल्यामुळे हे लोक शेतीकडून मेंढपाळीकडे आणि भटकंतीकडे वळले, अशी मांडणी म. के. ढवळीकर यांनी केली. गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळातून काढलेल्या गाळाचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यातही गेल्या सुमारे चार हजार वर्षांत दख्खन कोरडे होत गेल्याच्या खुणा आहेत. आणि अलीकडे, २०२५ मध्ये, आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी साहित्य या दृष्टीने वाचून काढले. ओव्यांत, आख्यानांत, मौखिक परंपरेत झाडाझुडपांचे जे उल्लेख येतात ते बहुतांशी माळरानाला शोभणाऱ्या वनस्पतींचे निघाले. हिवर, खैर, बाभूळ, गवत आणि गुरे. इंग्रज येण्याआधी इथे घनदाट अरण्य होते, ही सोयीची गोष्ट या पुराव्यापुढे टिकणे अवघड आहे.

पुरावा वाचतानाही उताराचे भान ठेवावे लागते. जुन्या वर्णनात ‘गर्द राई’ आली की पाहायचे, ती कुठल्या ओढ्याची. माळावर म्हसोबाच्या किंवा बिरोबाच्या ठाण्याशी मोठा निंब असतो. तो जमिनीने दिलेला नसून राखणीने आणि घातलेल्या पाण्याने टिकलेला असतो. त्यावरून सगळ्या माळाची कुवत ठरवली, तर लग्नघरातल्या पंगतीवरून गावाचे रोजचे जेवण ठरवल्यासारखे होईल.

कुवत चुकीची ठरवली की काय होते, याचे उदाहरण जिल्ह्यातच आहे. नान्नजच्या माळावर माळढोक असल्याकडे १९७० च्या दशकात लक्ष गेले आणि १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. त्याची मूळ हद्द सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरची होती, करमाळा तालुकाही तिच्यात होता. पुढे ती कमी करून बाराशेच्या घरात आणली. मोकळ्या माळावर वावरणाऱ्या, लांबून शत्रू हेरणाऱ्या या पक्ष्याच्या शेजारी, माळ हिरवा करायच्या उत्साहात, गिरिपुष्प आणि सुबाभळीची लागवड झाली. असद रहमानींसारखे पक्षिशास्त्रज्ञ गवताळ प्रदेशात झाडे लावू नका म्हणून वर्षानुवर्षे सांगत आले. माळढोक संपत आला त्याला शेतीचा विस्तार, विजेच्या तारा, शिकार अशी बरीच कारणे आहेत, सगळे खापर झाडांवर फोडता येणार नाही. पण आज नान्नजला माळढोक दिसला तर ती बातमी होते, हेही खरे.

१९७२ च्या दुष्काळानंतर उतारच बदलायला सुरुवात झाली. रोजगार हमीवर ताली पडल्या, बांध पडले, पाझर तलाव झाले, पुढे सलग समतल चर आले. चर म्हणजे उतारावर नव्याने कोरलेली पायरी. त्याच्या खालच्या अंगाला उकरलेल्या मातीचा भराव, त्यात पाणी मुरते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्या रेषेवर गवत कमरेला लागते. मधल्या पट्टीत मात्र पूर्वीचेच. आपण कृत्रिम रीतीने तीच रेषा काढतो जी लाव्हाच्या सांध्यावर हिवर काढत आला. यात वाईट काही नाही. फक्त चरावरची हिरवी रेघ पाहून सगळा माळ झाडांना तयार झाला असे समजू नये; चर गाळाने भरला की रेघ पुसट होत जाते.

उजनीने जे केले त्याची तुलना कशाशीच होत नाही. १९८० मध्ये धरण पुरे झाले आणि भीमेचा तळ गेला. गावे, देवळे, वाडे गेले, त्याबद्दल खूप लिहिले गेले आहे आणि लिहिले पाहिजे. त्यांच्यासोबत उताराची सगळ्यांत खालची पायरीही गेली, म्हणजे नदीकाठची झाडी, हे फारसे कुणी लिहिले नाही. आता पाणी जिथे टेकते तो पूर्वीचा मधला उतार. मुरमाला एकदम काठ व्हायची वेळ आली. नैसर्गिक काठ तयार व्हायला गाळाचे थर लागतात, आणि पाण्याची पातळी थोडीफार तरी ठरलेली लागते. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृत साठा, आणि दर उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य ठरलेले. ऑक्टोबरमध्ये जिथे पाणी, मेमध्ये तिथे गाळपेर. करंजाच्या रोपाने अशा जागी काय करायचे? सहा महिने बुडायचे की सहा महिने तहानेने मरायचे? म्हणून या काठावर येते ते बेशरम, पाणकणीस, आणि थोडे वर सरकले की वेडी बाभूळ, जी एकोणिसाव्या शतकात परदेशातून आणली गेली आणि आता कुणालाच आवरत नाही. चाळीसहून अधिक वर्षे झाली, तरी तिथे नदीकाठच्या झाडीचा क्रम लागलेला नाही. पातळी अशीच खालीवर होत राहिली तर तो लागेल असे मला वाटत नाही.

त्याच पाण्याने वरच्या अंगाला ऊस आणि केळी आणली. पाइपलाइनींनी पाणी माथ्याकडे चढू लागले, आणि पाण्यामागोमाग मातीही. पावसाने हजारो वर्षांत जो गाळ माळावरून खाली नेला, तो ट्रॅक्टर परत वर वाहतो. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ म्हणून त्याला सरकारी नावही आहे. जेसीबीने मुरूम सपाट करायचा, त्यावर फूटभर गाळ पसरायचा, ठिबक टाकायचे. अशा रानात केळीचा पहिला घड पाहिलेल्या शेतकऱ्याला मी माळाचे महत्त्व सांगायला जाणार नाही. त्याच्या बापाने त्याच बरडावर हुलगे-मटकी घेऊन दिवस काढलेले असतात. पण त्यामुळे मिल्नच्या साखळीतल्या कड्या वरखाली झाल्या आहेत, आणि माथा, उतार, तळ हे शब्द पुढच्या पिढीला या शिवारात जागेवर दाखवता येतील का, याची शंका आहे. उरलेल्या गायरानांवर आता सौर पॅनेल येऊ लागले आहेत. त्यांच्या सावलीत कोणते गवत टिकते हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. धनगरांना तो लवकरच पडेल.

पुस्तकाची मांडणी उताराच्या क्रमाने आहे. माथ्यावरून सुरुवात, शेवट उजनीच्या काठावर. झाडांची नावे जेऊर-करमाळ्याकडे चालतात तीच ठेवली आहेत. बार्शीकडे किंवा कर्जतकडे काही नावे बदलतील, तिथल्या वाचकाने ती समासात लिहून घ्यावीत. ज्यांना पुस्तक हातात धरून रानात जायचे आहे त्यांनी वर्षातून दोनदा जावे. एकदा सप्टेंबरच्या शेवटी, गवत निसवलेले असताना, कारण गवते ओळखायची ती तुऱ्यावरून आणि तुरा पुढे टिकत नाही. दुसऱ्यांदा एप्रिलमध्ये, जेव्हा गवत वाळलेले असते आणि हिरवे जे काही उरते ते खालच्या पाण्याचा पत्ता सांगते. सोबत फूटपट्टी आणि खुरपे असले म्हणजे झाले. दर पन्नास पावलांवर मातीची खोली पाहत गेलात तर कुठे काय उगवलेले असेल, याचा अंदाज तिसऱ्या-चौथ्या खड्ड्यापासून बांधता येऊ लागतो. मेंढ्या बसलेल्या रानात विचारल्याशिवाय शिरू नका, कुत्री ओळख दाखवत नाहीत. ज्याला एवढा वेळ नाही त्याने माथा सोडून मधल्या उताराचे प्रकरण आधी वाचावे. वाद आहेत ते सगळे तिथलेच.